एका सांगाड्याचीं भावंडें

माणसाच्या मनांत जुनी शरम कोठें दडून बसलेली असते आणि ती कोणत्या निमित्तानें वर येईल, याचा नेम नसतो. कोणाला ती जुन्या पत्राच्या वासानें आठवते, कोणाला शाळेच्या घंटेनें. माझी शरम मला अमेरिकेंतील एका हमरस्त्यावर भेटली, आणि तीहि एका मालमोटारीच्या पाठीवर रचलेल्या काळ्या पोलादी सांगाड्यांच्या रूपानें. मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक आहें. यंत्रांशीं माझा परिचय भिंतीवरचें घड्याळ आणि डोक्यावरचा पंखा यांच्यापलीकडे कधीं गेलेला नाहीं. अशा माणसानें मोटारीच्या सांगाड्यावर निबंध लिहावयास बसावें हें माझ्या विद्यार्थ्यांना विनोदी वाटेल. वाचकांनाहि तें थोडें चमत्कारिक वाटल्यास मी त्यांना दोष देणार नाहीं. फक्त त्यांनीं शेवटपर्यंत माझ्याबरोबर यावें, एवढीच विनंति आहे.

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत मी माझ्या पुतण्याकडे गेलों होतों. तो डेट्रॉइट शहराच्या उत्तरेस ट्रॉय नांवाच्या गांवांत राहतो. ट्रॉय हें नांव ऐकतांच मला होमर आठवला, हेलन आठवली, तो लांकडी घोडा आठवला. पण प्रत्यक्षांत तेथें तट नव्हते कीं बुरूज नव्हते. होते ते रुंद रस्ते, कातरून सारखीं केलेलीं हिरवळीचीं अंगणें, आणि प्रत्येक अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या दोन-दोन, तीन-तीन मोटारी. माझा पुतण्या मोटारींचे सांगाडे बनविणाऱ्या एका कारखान्यांत इंजिनियर आहे. मला न्यावयास तो विमानतळावर आला तो 'टाहो' नांवाची एक अजस्र गाडी घेऊन. तिच्यांत बसावयाचें म्हणजे बाजूच्या पायरीवर पाय देऊन, आंतला दांडा धरून वर चढावें लागलें. आंत पाहतों तों तीन ओळींत आसनें, कातड्याच्या गाद्या, गार हवा, आणि बाहेरच्या जगाचा आवाज अगदीं दूर गेलेला.

"केवढी मोटार ही!" मी म्हणालों.

"मोटार कसली काका," तो हंसून म्हणाला, "ट्रकच आहे हा. ट्रकवर दिवाणखाना ठेवलाय, इतकंच."

पोरगा आपल्या वैभवाची मुद्दाम थट्टा करीत आहे असें मला वाटलें. ती थट्टा नव्हती, वस्तुस्थिति होती, हें मला आठ दिवसांनीं कळलें.

त्याच्या शेजारीं एक गृहस्थ राहतात. घरांच्या छपरांची दुरुस्ती हा त्यांचा धंदा. त्यांच्या अंगणांत 'सिल्व्हराडो' जातीची एक पिकअप उभी असे. मागच्या हौद्यांत शिड्या, डांबरी कौलांचे गठ्ठे आणि अवजारांची पेटी. चाकांवर वाळलेला चिखल. एका संध्याकाळीं कुंपणापाशीं आमची गांठ पडली. मीं दोन्ही गाड्यांकडे पाहून त्यांच्या आकाराबद्दल कांहीं बोललों, तेव्हां ते म्हणाले कीं, तुमच्या पुतण्याची गाडी म्हणजे माझीच गाडी आहे. फक्त तिनें रविवारचे कपडे घातले आहेत. दोहोंमध्यें आठ नळकांड्यांचें, ५.३ लिटरचें एकाच जातीचें इंजिन होतें. हें त्यांनीं कौतुकानें सांगितलें. त्यांत मत्सर नव्हता.

पुढें एके दिवशीं पुतण्या रजा काढून मला उत्तरेकडे हिंडावयास घेऊन चालला होता. आम्ही फ्लिंटच्या रस्त्याला लागलों. आमच्या पुढें एक लांब, उघड्या पाठीची मालमोटार चालली होती. तिच्यावर एकाच घाटाचे काळे सांगाडे एकावर एक रचून सांखळ्यांनीं बांधलेले होते. दोन लांब तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि मागच्या अंगाला आंसासाठीं घेतलेली कमान. शिडी आडवी करून ठेवावी तसा प्रत्येक सांगाडा दिसत होता. चाक नाहीं, इंजिन नाहीं, रंग नाहीं, नांव नाहीं.

"ह्या पिकअपच्या चासी, काका," पुतण्या म्हणाला. "फ्लिंटच्या कारखान्यांत चालल्यात. तिथं ह्यांच्यावर पुढं केबिन आणि मागं हौदा बसला कीं झाली पिकअप. आपली ही गाडी टेक्सासमध्यें आर्लिंग्टनला तयार होते; पण घराणं एकच. हिच्याहि खालीं असलीच शिडी आहे. फरक काय तो वरचा."

त्या दिवसापासून मी या विषयाच्या नादीं लागलों. जें कळलें तें थोडक्यांत सांगतों. जनरल मोटर्स कंपनीनें १९३५ सालींच आपल्या हलक्या ट्रकच्या चासीवर संबंध पोलादी टप चढवून, आठ माणसें बसतील अशी 'सबर्बन' नांवाची गाडी काढली होती. तें नांव आजतागायत चालू आहे. म्हणजे कल्पना नवी नव्हे. परंतु पुढें त्या कल्पनेचें शास्त्र झालें. पाया अगोदर आंखावयाचा, आणि त्या एका पायावर किती घरें उभीं राहतील याचा हिशेब पहिल्या दिवशींच करून ठेवावयाचा! अशा पायाला तेथें 'प्लॅटफॉर्म' म्हणतात. १९८७ सालीं या कंपनीनें मोठ्या पिकअपसाठीं 'जीएमटी ४००' नांवाचा पाया काढला, आणि चार-पांच वर्षांत सबर्बन व तिच्या बहिणी त्याच पायावर येऊन बसल्या. १९९८ सालीं त्याची जागा 'जीएमटी ८००' यानें घेतली. याच्या सांगाड्याचे तीन भाग होते: पुढचा, मधला आणि मागचा. पुढचा भाग पाण्याच्या प्रचंड दाबानें सांच्यांत फुगवून घडविलेल्या पोलादी नळ्यांचा. मधला भाग लांब-आंखूड करावा, मागचा पाहिजे तसा निवडावा, आणि एकाच घराण्यांतून छपरें दुरुस्त करणाराची सिल्व्हराडो निघावी, चार मुलांच्या आईची सबर्बन निघावी, आणि मोठ्या हॉटेलच्या कमानीखालीं उभी राहणारी 'कॅडिलॅक एस्कलेड'हि निघावी, अशी ती योजना. २००६, २०१३ आणि २०१८ या सालीं या पायाच्या नव्या पिढ्या आल्या. नांवें बदललीं, रीत बदलली नाहीं.

या रीतींतलें व्यापारी शहाणपण मला सुद्धां समजण्यासारखें आहे. सांगाडा, इंजिन, गिअर, ब्रेक यांच्या आंखणीला आणि सांच्यांना जो अफाट खर्च येतो तो लाखों पिकअपवर वांटला जातो. त्याच सांगाड्यावर चढविलेल्या दिवाणखान्याचे पैसे मात्र गिऱ्हाईक दिवाणखान्याच्या भावानें मोजतें. आर्लिंग्टनच्या कारखान्यांत पूर्वीं लांबरुंद सेडान मोटारी होत असत. १९९६ च्या अखेरीस त्या बंद करून कंपनीनें तेथें या ट्रकवंशी गाड्या सुरू केल्या, यांत नवल तें काय?

पुतण्या हें समजावून सांगत असतां माझ्या डोळ्यांपुढें मात्र आमच्या घरची बैलगाडी उभी होती. घरांत गाडी एकच. चैत्र-वैशाखांत तिच्यांतून शेणखत शेतावर जाई. सुगीच्या दिवसांत बाजरीचीं कणसें खळ्यावर येत. आणि घरांत लग्न निघालें कीं तीच गाडी ओढ्यावर नेऊन घांसून-घांसून धूत, तिच्यावर बांबूच्या कांबी वांकवून तट्ट्याचें छप्पर घालीत, आंत कडब्याच्या पेंढ्या पसरीत, त्यांवर गोधडी आणि गोधडीवर आईचें ठेवणींतलें जाजम. आंस तोच, जूं तेंच, बैल तेच. नवरी त्या गाडींतून सासरीं जाई, आणि शेणखताची आठवण कोणाला येत नसे. आली तरी त्यांत लाजण्यासारखें कांहीं आहे असें कोणाच्या मनांत येत नसे. हा शेवटला मुद्दा मी मुद्दाम नमूद करून ठेवतों. कारण पुढें तो माझ्यावरच उलटणार आहे.

अमेरिकेंतल्या भावंडांची गोष्ट इतकी सरळ नाहीं. तेथें कायद्याच्या दरबारीं 'मोटार' आणि 'ट्रक' अशा दोन जाति आहेत, आणि ट्रकच्या जातीला कांहीं सवलती आहेत. यांतली पहिली सवलत तर एका कोंबड्यांच्या भांडणांतून निघाली. युरोपांतील देशांनीं अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढविली, तिचा वचपा म्हणून अमेरिकेनें १९६३ च्या डिसेंबरांत परदेशी हलक्या ट्रकांवर शेंकडा २५ जकात पुकारली. कोंबड्यांचें भांडण लोक विसरले. जकात राहिली, आणि तिच्या आडोशाला देशी पिकअप निर्धास्तपणें वाढली. पुढें तेलाच्या टंचाईनंतर १९७५ सालीं, कंपनीच्या गाड्यांनीं सरासरीनें एका गॅलनांत किती मैल जावें याबद्दल कायदा झाला. मोटारींना १९८५ पर्यंत साडेसत्तावीस मैलांची मजल गांठावयाची होती. ट्रक बिचारा कामकरी, म्हणून त्याची अट सौम्य राहिली; १९९६ पासून २००४ पर्यंत ती २०.७ मैलांवरच थांबलेली होती. १९७८ सालीं फार तेल पिणाऱ्या मोटारींवर निराळा कर बसला. तोहि मोटारींवर, ट्रकांवर नव्हे.

या सवलतींच्या मागें शेतकरी होता, गवंडी होता, छपरें दुरुस्त करणारा आमचा तो शेजारी होता. परंतु त्याच सांगाड्यावरची दिवाणखान्याची गाडीहि कायद्याच्या दाराशीं आली आणि म्हणाली, "मीहि ट्रकच." तिचें म्हणणें खोटें नव्हतें. मला पुन्हां तो लांकडी घोडा आठवला. जुन्या ट्रॉयच्या लोकांनीं बाहेरचें रूप पाहिलें आणि आंत काय आहे याची चौकशी केली नाहीं. इकडे पहारेकऱ्यांनीं वांकून खालचा सांगाडा तेवढा पाहिला, आणि वर कोण बसलें आहे हें विचारलें नाहीं. अशा रीतीनें एकच गाडी सरकारदरबारीं ट्रक झाली आणि शेजारपाजारीं रथ झाली.

मी त्या गाडीची निंदा करीत आहें असें कोणी समजूं नये. कुटुंब मोठें असेल, मागें नाव ओढून तळ्यावर न्यावयाची असेल, हिवाळ्यांत रस्त्यावर गुडघाभर बर्फ पडत असेल, तर तिच्यासारखी सोबत नाहीं. मला खटकला तो गाडीचा दोष नव्हे, माणसाच्या स्वभावाचा. कर भरण्याच्या वेळीं जें नातें मोठ्यानें सांगावयाचें, तेंच हॉटेलच्या कमानीखालीं कोणाला आठवूं नये अशी इच्छा धरावयाची! नातें सोयीनें सांगणें आणि सोयीनें लपविणें, हा तो दोष.

आणि लपविलें म्हणून नातें तुटत नाहीं. विपत्तींत तें उघडें पडतेंच. २००८ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत पेट्रोलचा भाव गॅलनला चार डॉलरांवर गेला. घरें बांधण्याचा धंदा अगोदरच बसला होता, त्यामुळें पिकअपला गिऱ्हाईक उरलें नाहीं. आणि तेल महाग झाल्यामुळें तिच्या श्रीमंत भावंडांनाहि उरलें नाहीं. विस्कॉन्सिन संस्थानांत जेन्सव्हिल येथें या कंपनीचा फार जुना कारखाना होता. १९१९ सालीं तेथें ट्रॅक्टर होऊं लागले, १९२३ पासून शेव्हरोले गाड्या. त्या कारखान्यांतून शेवटची टाहो २३ डिसेंबर २००८ रोजीं, नाताळच्या दोन दिवस आधीं, बाहेर पडली. आणि पुढच्या वर्षीं १ जून रोजीं खुद्द कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. एका पायावर अनेक घरें बांधलीं कीं भाडें भरपूर येतें, परंतु पाया हलला कीं सारींच घरें हलतात. त्या नाताळांत घरीं बसलेल्या कामगारांना, तुम्ही रथ बांधीत होतां कीं ट्रक, असें कोणी विचारलें असतें तर त्यांनीं काय उत्तर दिलें असतें?

आतां माझ्या गोष्टीकडे येतों. आमचें गांव जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवापासून थोडें आंत. वडील लवकर गेले. दादा माझ्याहून आठ वर्षांनीं मोठा. त्यानें शाळा सोडून नांगर धरला, म्हणून मी कॉलेजांत गेलों. इतकें साधें हें समीकरण आहे. फी-माफीच्या अर्जावर मी दरवर्षीं 'शेतकरी कुटुंब' असें ठळक अक्षरांत लिहीत असें. पुढें सभा-समारंभांत 'मी शेतकऱ्याच्या घरांतला' असें म्हटलें कीं टाळ्या पडतात, हेंहि मला कळून आलें होतें. म्हणजे दरबारीं आपला सांगाडा दाखविण्याची विद्या मला उत्तम अवगत होती.

१९९६ सालीं मी आमच्याच भागांतील एका कॉलेजांत इंग्रजीचा अधिव्याख्याता झालों. त्याच वर्षीं दादानें एक जुनी टाटामोबाईल पिकअप विकत घेतली. हौद्यांत टोमॅटोचीं खोकीं भरून तो सकाळीं नारायणगांवच्या बाजाराला निघे, आणि वाटेंत मला कॉलेजपाशीं सोडी. पुढच्या बाकावर कडेला मी, चाकावर दादा, आणि आमच्या दोघांमध्यें शाळेचें दप्तर मांडीवर घेऊन बसलेला त्याचा सहा वर्षांचा मुलगा. हाच तो माझा ट्रॉयचा पुतण्या. उतरतांना माझ्या पांढऱ्या सदऱ्याला डिझेलचा आणि टोमॅटोच्या पाल्याचा वास लागलेला असे.

त्या काळीं आमच्या संस्थेचे एक पदाधिकारी टाटांच्या 'सिएरा' गाडींतून येत. मागच्या बाजूला छपरापर्यंत वळलेल्या मोठ्या कांचा असलेली ती दोन दारांची गाडी आमच्या भागांत फार अपूर्वाईची होती. ती दिसली कीं शिपाई फाटक उघडावयास धांवे. एके दिवशीं आमची पिकअप आणि ती सिएरा फाटकापाशीं एकदमच येऊन ठेपल्या. शिपायानें आम्हांला हात करून थांबविलें आणि सिएराला वाट दिली. मी उतरून आंत गेलों तेव्हां पायऱ्यांवर उभ्या असलेल्या सहकाऱ्यांपैकीं एकानें विचारलें, "काय सर, आज टोमॅटो काय भावानें दिले?" सगळे हंसले. मीहि हंसलों. दुसऱ्या दिवशीं मीं दादाला सांगितलें, "मला अलीकडच्या कोपऱ्यावरच सोडत जा. तिथून चालत जायला बरं वाटतं." दादानें नुसती मान हलविली. तेव्हांपासून मी स्वतःची स्कूटर घेईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन वर्षें, कोपऱ्यावर उतरत होतों. त्या अवधींत 'मी शेतकऱ्याच्या घरांतला' हें वाक्य मीं व्यासपीठावरून किती वेळां उच्चारलें, तें मोजण्याचें धैर्य मला नाहीं.

त्या दोन गाड्यांचा तोंडवळा सारखा आहे, हें मला तेव्हांहि दिसत होतें. त्याचा अर्थ मात्र मला फ्लिंटच्या रस्त्यावर कळला.

"आपल्याकडंहि हेंच झालं कीं, काका," पुढच्या सांगाड्यांकडे बोट दाखवून पुतण्या म्हणाला. "१९८८ सालीं टाटामोबाईल निघाली, आणि तिच्याच चासीवर १९९१ सालीं सिएरा. बाबांची गाडी आणि तुमच्या त्या साहेबांची गाडी, दोघी सख्ख्या बहिणी." मग थोडा वेळ थांबून, लहानपणचें कोडें विचारावें तसें त्यानें विचारलें, "पण काका, तुम्ही कॉलेजच्या फाटकापर्यंत न येतां कोपऱ्यावरच का उतरायचात?"

"तेवढाच व्यायाम होई," मीं उत्तर दिलें.

तो रस्त्याकडे पाहून गाडी हांकीत होता. त्याला माझा चेहरा दिसला नसावा. पन्नाशी उलटलेला मी अध्यापक, सातासमुद्रांपलीकडे, त्या उंच गाडींतल्या कातड्याच्या गादीवर बसून पुन्हां एकदां त्याच कोपऱ्यावर उतरलों होतों.

त्या रात्रीं जेवण झाल्यावर त्यानें मला आणखी एक गोष्ट सांगितली. पिकअपच्या मागच्या आंसाला आजहि पाटे असतात; टांग्याला असत तशा, एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या. ओझें पडलें कीं ते वांकतात, ओझें उतरलें कीं पुन्हां पूर्ववत् होतात. गाडी रिकामी असली म्हणजे मात्र धक्के देतात. टाहो-सबर्बनला पाट्यांच्या ऐवजीं वेटोळ्याच्या स्प्रिंगा देत असत, तरी दोन चाकांना जोडणारा आडवा आंस त्यांनाहि होता. २०२० सालापासून तो आंस गेला आणि मागचीं दोन चाकें एकमेकांपासून सुटीं झालीं. त्यामुळें तळ खालीं घेतां आला, आणि शेवटच्या ओळींत बसणाराला पाय मोकळे सोडण्याइतकी जागा झाली. "पुढून अजून एकच घर आहे, काका," तो म्हणाला, "पण मागून भावंडं वेगळीं होत चाललीयत." तें वाक्य त्यानें गाड्यांबद्दलच उच्चारलें होतें, यांत मला शंका नाहीं. तरीहि त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

मी परत आलों तेव्हां दादा वाशीच्या बाजारांत माल उतरवून मला न्यावयास मुंबईच्या विमानतळावर आला होता. त्याच्याकडे आतां दुसरी, नवी पिकअप आहे. "रिकामी गाडी न्यायची ती न्यायचीच, मास्तर," असें म्हणून त्यानें माझी पेटी हौद्यांत रिकाम्या क्रेटच्या शेजारीं ठेवली आणि दोरीनें आवळून बांधली. माझ्या पिशवींत पुतण्यानें बापासाठीं दिलेला लोकरी सदरा होता. तो हातीं देतांच दादानें त्याचें सूत बोटांनीं चांचपलें आणि तो आपल्या मागें, धूळ लागणार नाहीं असा जपून ठेवला. कल्याण-मुरबाड मागें टाकून आम्ही माळशेजच्या घाटाशीं आलों आणि एका टपरीपाशीं चहाला थांबलों. ढग खालीं उतरले होते. गाडी रिकामी असल्यामुळें पाट्यांचे धक्के माझ्या पाठींत अजून जाणवत होते.

"दादा," मी म्हणालों, "मी तुला कॉलेजच्या अलीकडं कोपऱ्यावर सोडायला सांगत होतों, आठवतं? तें चालण्यासाठीं नव्हतं. मला लाज वाटत होती."

हीं चार वाक्यें बोलावयास मला तीस वर्षांच्या आसपास लागलीं. दादानें बशींतला चहा संपविला, बशी खालीं ठेवली आणि उपरण्यानें मिशा पुसल्या.

"कायतरीच तुझं," तो म्हणाला. "त्या फाटकाशीं गाडी वळवायला जागा कुठं होती? कोपऱ्यावर मलाच सोयीचं पडायचं." आणि उठून त्यानें गाडी सुरू केली. उरलेल्या वाटेंत तो टोमॅटोच्या भावाबद्दल बोलत राहिला.

पुढच्या आठवड्यांत कॉलेज उघडलें. पहिल्या दिवशीं मी लवकर गेलों आणि फाटकाच्या आंत उभा राहून नीट पाहिलें. दोन मालमोटारी एकमेकींना न अडतां वळतील एवढें तें पटांगण आहे. तीस वर्षांपूर्वीं तें याहूनहि मोठें होतें. सायकलींची पत्र्याची शेड तेथें नंतर झाली.